‘फेअर’ आणि गावंडे मास्तर

एखाद्या माणसावर लेख लिहायचा तर तो माणूस कळलेला असावा लागतो आणि भाषा हाताशी असावी लागते. माझ्याजवळ पहिली गोष्ट अर्धी आहे आणि दुसरीबद्दल मी न बोललेले बरे. आमच्या घरात माझ्या आधी कोणी शाळेची पायरी चढलेले नाही. वडील अकोल्याजवळ मोर्णेच्या काठी भाजीपाला पिकवतात, आई तो बाजारात विकते, आणि घरात लिखाण म्हणून जे काही होते, म्हणजे मामाला पाठवायचे कार्ड, ते मीच लिहितो. अशा मुलाने अमरावतीच्या कॉलेजात दोन वर्षे काढली म्हणून लगेच लेखणी उचलावी हे माझे मलाच चमत्कारिक वाटते. वाचकांनी क्षमा करावी. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते क्षमा करतील असा मात्र भरवसा नाही. हा लेख त्यांच्या हाती पडला तर ते पहिल्याच ओळीतल्या ‘कळलेला’ या शब्दाखाली रेघ ओढतील आणि समासात विचारतील, ‘कोणत्या अर्थाने?’

हा प्रश्न म्हणजेच गावंडे मास्तर. महादेव गावंडे, बी.ए. आमच्या अकोल्याच्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवीत. बाळापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे ते चिरंजीव, आणि त्यांच्या गावचेच नव्हे तर आजूबाजूच्या गावांचेही पहिले बी.ए. उंच, हाडकुळे आणि रंगाने चांगले काळे. डोक्यावर काळी टोपी, अंगात काळा कोट, हातात बारा महिने काळी छत्री. आमच्या वर्गातला पंजाब नावाचा मुलगा म्हणायचा, “मास्तर उन्हात उभे राह्यले का सावली कोन्ती अन् मास्तर कोन्ते, ते समजतच नाई.” मास्तरांच्या कानावर हे गेले तेव्हा ते रागावले नाहीत. “उपमा बरी आहे,” म्हणाले. “पण सावली आडवी असते.”

कोणी काही विचारले की आधी ते डावा डोळा मिटत, सुईत दोरा ओवावा तसे उजव्या डोळ्याने विचारणाऱ्याकडे बघत, आणि मग उत्तराऐवजी त्यांचा तो प्रश्न येई. मुख्याध्यापक म्हणाले, “गावंडे, आज गर्मी फार आहे,” तरी, “कोणत्या अर्थाने?” न्हाव्याने विचारले, “मास्तर, बारीक करू?” तरी तेच. माझी आई बाजारात बसायची, आणि मास्तर दर रविवारी तिच्याकडून वांगी घ्यायचे.

“घ्या मास्तर, ताजी हायेत,” आई म्हणायची.

“कोणत्या अर्थाने? आज तोडलेली, की आज आणलेली?”

“काल सांजच्याले तोडली, आज आनली.”

“मग ‘ताजी’ म्हणू नये. ‘बऱ्यापैकी ताजी’ म्हणावे.”

ते एक वांगे उजेडाकडे धरून फिरवून बघत, आणि शेवटी नेहमीइतकीच वांगी घेऊन जात. ते गेले की आई शेजारच्या मेथीवालीला म्हणे, “हा मानूस वांगं घेते का वांग्याची साक्ष काढते, काई समजत नाई बाई.” पण किडकी वांगी ती त्यांच्या पिशवीत कधी जाऊ देत नसे. “तो सापडवनच,” म्हणायची.

तर, ‘फेअर’. इंग्रजीत हजारो विशेषणे आहेत असे ऐकतो. त्यांतल्या या एकाच विशेषणावर मास्तरांचा एवढा जीव का, हे त्यांनीच एकदा वर्गात सांगितले होते. ते कॉलेजात असताना त्यांच्या साहेब प्रोफेसरांनी निबंध परत देताना म्हटले होते, “फेअर, गावंडे, फेअर.” बस, एवढेच.

“त्या दिवशी मी मेसमध्ये जेवलो नाही,” मास्तर म्हणाले. “आनंदाने जेवण गेले नाही की दुःखाने, ते मला ठरवता येईना. शब्दकोश काढला. फेअर म्हणजे गोरा, तर निबंध गोरा असत नाही. फेअर म्हणजे न्यायी. फेअर म्हणजे स्वच्छ. फेअर म्हणजे चांगला, आणि खाली बघतो तो फेअर म्हणजे चांगलाही नाही, वाईटही नाही! शिवाय ते दोनदा म्हणाले होते. दोनदा म्हटल्याने अर्थ दुप्पट होतो की निम्मा?”

वर्गात कोणालाच हे माहीत नव्हते. आम्हांला ‘फेअर’ म्हणजे फक्त फेअरची वही ठाऊक होती. कच्च्या वहीतले तिच्यात उतरवून आणले नाही की छडी बसे.

मास्तरांनी फळ्यावर वाक्ये लिहिली आणि मराठी करायला सांगितले. पहिले वाक्य होते, ‘द गर्ल इज फेअर.’ पंजाब उभा राहिला आणि ठासून म्हणाला, “मुलगी जत्रा आहे.”

आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी डावा डोळा मिटला आणि बराच वेळ त्या उत्तराचा विचार केला.

“चूक आहे, पण बरोबर रस्त्यावरची चूक आहे,” ते म्हणाले. “फेअर म्हणजे जत्रा होतेच. पण मग त्याच्या आधी ‘ए’ पाहिजे. ‘ए’ लावला की जत्रा भरते, ‘ए’ काढला की जत्रा उठते. लिहून घ्या.”

आम्ही लिहून घेतले. आजही इंग्रजी लिहिताना ‘ए’ घालावा की नाही अशी शंका आली की मला जत्रेतली पाले आणि पाळणे दिसू लागतात. कॉलेजातल्या कोणत्याही व्याकरणाने माझे एवढे काम केलेले नाही.

मास्तरांना वर्गात खाजगी आणि सार्वजनिक असा भेद ठेवता येत नसे. उदाहरण चांगले असले की ते कोठलेही सांगत. एका सोमवारी त्यांनी धडा उघडला आणि म्हणाले, “शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो. उदाहरणार्थ, काल मी मुलगी बघायला गेलो होतो.”

मागच्या बाकावरचे पुढे सरकले.

मुलगी अकोटकडच्या एका पाटलांची. कापसाची मोठी शेती, घरचे चांगले. मध्यस्थ म्हणून पाटलांचा एक साळा होता, त्याला इंग्रजी चौथीपर्यंत येत होते. मास्तर बी.ए., म्हणून तो मुद्दाम म्हणाला, “मास्तर, आमची पोरगी फेअर हाय बरं का!”

“मी विचारले, कोणत्या अर्थाने?” मास्तर आम्हांला सांगू लागले. “ते म्हणाले, कोन्त्या म्हंजे? फेअर! मी म्हटले, वर्णाने म्हणत असाल तर तसे दिसत नाही. त्या माझ्यापेक्षा उजळ आहेत, पण माझ्यापेक्षा उजळ कोणीही असतो. न्यायबुद्धीने म्हणत असाल तर त्याची परीक्षा अजून झालेली नाही. आणि ‘ठीकठाक’ या अर्थाने म्हणत असाल तर आपल्या भाचीबद्दल असे बोलणे बरे नव्हे.”

“मंग काय झालं सर?” पंजाबला राहवले नाही.

“मंडळी उठायच्या बेतात होती,” मास्तर म्हणाले. “तेवढ्यात आतल्या खोलीतून कोणीतरी मोठ्याने हसले. त्यांच्या आईने ‘गप वो’ म्हटले, त्यावरून हसणारी कोण ते कळले. मग पाटीलही हसले.” त्यांनी पुढे जोडले, “हसणे फेअर होते. इथे अर्थ ‘स्वच्छ’ असा घ्यावा.”

लग्न ठरले, पण पाटलांनी एक अट घातली. मास्तर आमच्या शाळेत अजून टेंपररी होते. दरवर्षी उन्हाळ्यात कमिटी बसे आणि त्यांना आणखी एक वर्ष ठेवी. पाटील म्हणाले, “मास्तर, शाळेत कायम व्हा, त्याच दिवशी मांडव टाकतो. पन टेंपरवारी जावई मले नाई पाह्यजे.” त्या वर्षी नागपूरहून तपासनीस साहेब येणार होते, आणि त्यांचा शेरा चांगला पडला तर मास्तरांना कायम करायचे असे कमिटीचे ठरले होते. म्हणजे मास्तरांची नोकरी आणि लग्न, दोन्ही त्या साहेबांच्या तोंडाकडे बघत होती. हे अकोल्यात सगळ्यांना माहीत होते, कारण मास्तरांनी ते आम्हांला ‘अट’ या विषयावरच्या धड्यात सांगितले होते.

साहेब आले. लालबुंद, मिशा पिवळ्या, घामाने कॉलर ओली. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. मास्तरांनी त्या दिवशी विशेषणांच्या तुलनेचा धडा घेतला आणि फार नीट घेतला, एकदाही त्यांनी “कोणत्या अर्थाने?” म्हटले नाही, यावरून त्यांच्या मनावर किती दडपण होते ते आम्हांला कळले. मध्येच साहेबांनी पंजाबला इंग्रजीत विचारले, “तुझे वडील काय आहेत?” पंजाब म्हणाला, “माय फादर इज अ मॅन, सर.” साहेबांच्या मिशा हलल्या. थोड्या वेळाने ते उठले. दारात मुख्याध्यापकांजवळ थांबले, बाहेर मैदानाकडे पाहिले आणि म्हणाले,

“फेअर.”

आणि पुढच्या वर्गाकडे गेले.

मी मास्तरांकडे पाहिले. खडू हातात धरून ते उभे होते. डावा डोळा मिटलेला होता, आणि तो तास संपेपर्यंत उघडला नाही.

मुख्याध्यापकांनी तो शब्द ऐकला होता, पण त्याचे काय करावे ते त्यांना समजेना. साहेबांना विचारावे तर आपल्याला इंग्रजी येत नाही असे होईल. ते स्वभावाने सर्वांचे मत मान्य करणारे होते, त्यामुळे स्वतःचे असे त्यांच्याजवळ काही उरत नसे. इतक्यात एक वेगळेच प्रकरण झाले. दाराशी आमचा चपराशी चांदभाई साहेबांची टोपी घेऊन उभा होता. साहेबांच्या तोंडचा शब्द त्यानेही ऐकला होता. शाळा सुटायच्या आत त्याने फाटकावर जाहीर केले, “साब ‘फेर’ बोले. मतलब फेर आते. फेर देखते.”

‘फेर’ म्हणजे काय हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. फेरपरीक्षा झाली, फेरमोजणी झाली, तशी ही फेरतपासणी. साहेबांना शाळा पसंत पडली नाही आणि ते न सांगता पुन्हा येणार, ही बातमी संध्याकाळपर्यंत कापूसबाजारापर्यंत पोहोचली. मुख्याध्यापक म्हणाले, “तसे ते म्हणाले नाहीत. पण आले तर?” या ‘आले तर’वर शाळेला चुना लागला. घंटेला चिंचेने घासले. आम्हांला रोज धुतलेले कपडे घालून येण्याचा हुकूम झाला, आणि माझ्याजवळ सदरा एकच असल्याने आई रोज संध्याकाळी तो धुताना म्हणायची, “हा तुहा साहेब येत काहून नाई एकदाचा? का माह्या हाताचे सालटे गेल्यावर येते?”

मास्तर एकटेच सर्वांना सांगत फिरत होते की तो शब्द ‘फेर’ नसून ‘फेअर’ आहे. “मधला ‘अ’ ऐका,” ते चांदभाईला म्हणाले. “फे-अ-र.”

“हाँ मास्टरसाब, वोईच तो बोला मैं. फेर.”

“साहेब पुन्हा येणार नाहीत.”

“कायकू नहीं आते?” चांदभाई दयेने म्हणाला. “आप घबराव मत. फेर में पास हो जाते आप.”

साहेब अर्थातच आले नाहीत. उन्हाळा तोंडावर आला आणि कमिटीची बैठक भरली. ती शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. शेजारच्या खोलीत आम्ही मॅट्रिकचे विद्यार्थी बसलो होतो, मध्ये फळ्यांचा पडदा, आणि फळ्यांमध्ये फटी. बोलणे ऐकण्यासाठी कान लावावा लागत नव्हता.

कमिटीत बोलणारे दोघेच. एक कापसाचे अडते झुंबरशेठ आणि दुसरे वकीलसाहेब. शेठजी म्हणाले, “देखो, म्या जिंदगीभर कापूस घेतला. फाइन पहिला, मंग फुल्ली गुड, मंग गुड. अन् फेअर? फेअर पार खाली. फेअर माल गोदामात पडून राह्यते. साहेबानं मास्तरले फेअर म्हनलं, तं आता यात बोलाचं काय हाये?”

“शेठजी, मास्तर म्हणजे सरकी नव्हे,” वकीलसाहेब म्हणाले. “आमच्या कोर्टात फेअर म्हणजे न्याय्य, रास्त. उत्तमच. साहेबांनी स्तुती केली आहे.”

“दोन्ही बरोबर आहे,” मुख्याध्यापक म्हणाले.

“दोन्ही कसं बरोबर राहीन बाप्पा? ठेवाचं का काढाचं, ते सांगा!”

शेवटी वकीलसाहेबांनीच तोड काढली. या शाळेत इंग्रजीचे जाणकार कोण? गावंडे मास्तर. त्यांनाच बोलवा आणि अर्थ विचारा. ते सांगतील तो कमिटी मान्य करील. वकीलसाहेबांना मास्तरांचे बरे करायचे होते हे आम्हां मुलांनासुद्धा कळले. पंजाब माझ्या कानात म्हणाला, “झालं काम. आता फक्त ‘चांगला’ म्हनाचं. बस.”

मास्तर आले. छत्री भिंतीला टेकवल्याचा आवाज आम्ही ऐकला.

“या मास्तर,” वकीलसाहेब फार गोड आवाजात म्हणाले. “एक लहानशी शंका आहे. फेअर म्हणजे चांगलाच ना?”

मास्तरांचा डावा डोळा मिटला असणार. मग,

“कोणत्या अर्थाने?”

शेठजींनी “अरे राम” म्हटले. पंजाबने कपाळ बाकावर आपटले.

“साहेब आपल्या शिकवण्याबद्दल ‘फेअर’ म्हणाले,” वकीलसाहेब म्हणाले, “त्या अर्थाने. चांगला. हो म्हणा आणि जा.”

“माणसाच्या कामाबद्दल हा शब्द वापरला असता,” मास्तर सांगू लागले, आणि त्यांचा वर्गातला आवाज लागला, “त्याचा अर्थ न्याय्य होत नाही, गोराही होत नाही. दोन अर्थ राहतात. एक, चांगला. दुसरा, बेताचा. वाईट नव्हे, पण चांगलाही नव्हे.”

“पहिला धरू,” वकीलसाहेब घाईने म्हणाले.

“धरता येत नाही. साहेबांनी ‘फेअर’ म्हणताना शेवटी आवाज खाली आणला. आवाज वर नेला असता तर ‘अरे, बरा आहे की!’ असा अर्थ झाला असता. खाली आणला म्हणजे ‘बरा आहे, झाले.’ मी तेव्हापासून विचार करतो आहे. दुसराच अर्थ आहे.”

“मास्तर,” वकीलसाहेबांचा गोडवा संपला, “तुम्हांला कायम व्हायचे आहे ना?”

“व्हायचे आहे.”

“तुमचे लग्न अडले आहे ना?”

“अडले आहे.”

“मग?”

“पण तो शब्द माझ्याकडे नोकरीला नाही, साहेब. मी सांगतो म्हणून तो अर्थ बदलणार नाही.”

शेठजी जोरात म्हणाले, “वकीलसाहेब, असा मानूस म्या दुकानावर बशिवला तं दुकान उठीन माहं! गिऱ्हाइकानं इचारलं माल कसा, तं हा सांगन, बेताचा!”

कमिटीने मास्तरांना आणखी एक वर्ष टेंपररी ठेवले. बाहेर पडताना ते आमच्या खोलीवरून गेले. आम्ही सगळे उभे राहिलो. त्यांनी आम्हांला बघितले आणि विचारले, “ऐकले ना? आवाजाबद्दलचा मुद्दा समजला?” आम्ही माना हलवल्या. “परीक्षेला येणार नाही,” ते म्हणाले, आणि गेले.

आठवड्याभरात पाटलांची बैलांची दमणी शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली. पाटील खाली उतरलेच नाहीत, दमणीतूनच बोलले. आम्ही मुले पाणी प्यायला म्हणून रांजणाशी जमलो.

“मास्तर, तुमी ‘चांगला’ म्हनले असते तं जीभ झडली असती काय?”

“झडली नसती.”

“मंग काहून नाई म्हनले?”

मास्तर शाळेत नेहमी पुस्तकासारखे शुद्ध बोलत. त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आमची घरची भाषा ऐकली. “पाटील, म्या तसं म्हनलं असतं,” ते म्हणाले, “तं मंग या पोट्ट्यायले कोन्त्या तोंडानं शिकवू? हा पंजाब माह्या समोर बसते. त्यानं अर्थ चुकवला का म्या त्याले छडी मारतो.”

पाटलांनी आमच्याकडे पाहिले. पंजाब रांजणामागे गेला.

“माह्या पोरीचं काय मंग?” पाटील म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा होता, पण नुसता रागाचा नव्हता. “तिले आता दुसरीकडं पाहीन म्या. पोरगी घरात किती दिवस ठेवू? राम राम.”

दमणी वळली. मास्तर छत्री न उघडता उन्हात उभे होते. मग घंटा झाली, आणि ते वर्गात येऊन नेहमीसारखे शिकवू लागले. त्या तासाला पंजाबने ‘अनफेअर’चा अर्थ ‘सावळा’ सांगितला. त्याने तो मुद्दाम सांगितला, मास्तरांना हसवायला, असे त्याने नंतर मला शपथेवर सांगितले. मास्तर म्हणाले, “बस खाली,” आणि छडी उचलली नाही.

मी मॅट्रिक झालो. अमरावतीला यायला निघालो त्या रविवारी टांग्यातून आईचा निरोप घ्यायला बाजारात थांबलो, तर मास्तर तिच्या टोपलीपुढे उभे होते. मी पाया पडलो. “कॉलेजात कोणी ‘फेअर’ म्हणाले तर लगेच हुरळू नकोस आणि लगेच खचूही नकोस,” ते म्हणाले. “आवाज ऐक.” मग आई त्यांना म्हणाली, “घ्या मास्तर, ताजी हायेत.” त्यांनी काहीही विचारले नाही. वांगे उजेडाकडे धरले नाही. दिली तेवढी पिशवीत घातली आणि निघाले. आई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. टांगा हलला तेव्हा ती मला जपून राहा म्हणायचेही विसरली. गर्दीतून काळी छत्री जात होती, ती तेवढी मला वळणापर्यंत दिसली.

त्यानंतर मास्तरांचे काही कळले नाही. सुट्टीत घरी गेलो तेव्हा ते आपल्या गावी गेलेले असत. आईला विचारले तर म्हणायची, “येते, वांगे घेते, जाते. बोलत नाई.” अकोटकडून आलेल्या कोणीतरी सांगितले की पाटलांनी मुलीसाठी मूर्तिजापूरला एक रेल्वेतला कारकून पाहिला आहे, आणि तो कायम आहे.

मागच्या महिन्यात वडील संत्र्याची कलमे घ्यायला अमरावतीस आले आणि माझ्या खोलीवर उतरले. खाट असून ते जमिनीवर बसले, पाणी प्याले, आणि डोक्याचे पागोटे काढता काढता म्हणाले,

“तुह्या मास्तरचं लगन झालं बरं, बापू.”

“कोणाशी?”

“कोनाशी म्हंजे? पाटलाच्या पोरीशी. लगनाची सारी भाजी आपल्याच वाडीतली गेली. म्या सोता घेऊन गेलो गाडीनं.”

“पण तो रेल्वेतला कारकून?”

वडील हसू लागले. त्यांना गोष्ट सांगायला आवडते आणि ते ती सावकाश सांगतात. कारकून मुलगी बघायला आला. गादीवर लोडाला टेकून बसला. म्हणाला, माझे इंग्रजी फस्ट क्लास. माझी तब्येत फस्ट क्लास. साहेब मला विचारल्याशिवाय गाडी सोडत नाही. मुलगी पोहे घेऊन आली, ताट ठेवले, थोडा वेळ ऐकले आणि आत जाऊन आईला म्हणाली, “हा मानूस सारं सोताच सांगून राह्यला. आपल्याले पाहाले काई ठेवलंच नाई यानं.” पाटील तिच्यावर ओरडले, “अवं, मास्तर टेंपरवारी हाये!” तर ती म्हणाली, “मंग मी काय नोकरीसंग लगन करून राह्यली?”

“अशी म्हणाली?” मी विचारले.

“अशीच. मंग पाटील चार दिवस घरात कोनासंग बोल्ला नाई. पाचव्या दिवशी दमनी जुंपली अन् निंगाला अकोल्याले. मास्तरले म्हने, चाला. मास्तर म्हनते, कोन्त्या अर्थानं?” वडिलांना इतके हसू आले की त्यांना ठसका लागला. “पाटील म्हने, आता बसा गुमान गाडीत, नाई तं बांधून नेतो!”

मी त्यांना पाणी दिले. ते पुढे सांगत राहिले. मांडव कसा होता, पंगती किती उठल्या, आणि पंगतीत त्यांनी नवरदेवाला विचारले की मास्तर, वांगी कशी झाली, तर नवरदेवाने एक डोळा मिटला आणि म्हणाला, वांगी उत्तम आहेत, पण आचाऱ्याने तिखट जास्त घातले. आचारी मागेच उभा होता. तो पळी टाकून निघाला, त्याला वडिलांनी वेशीपासून परत आणले. “अन् नवरी,” वडील म्हणाले, “पदर तोंडात कोंबून हसून राह्यली. साऱ्या मांडवाले आयकू आलं.”

मला फार बरे वाटले. तरी एक गोष्ट मनात राहिलीच होती. मी विचारले, “बाबा, आणि कायम? कायम झाले का ते?”

वडील कलमांची पुडकी सोडत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे असे पाहिले, की एवढे शिकून या पोराला एवढेही कळू नये.

“कायम झाले का म्हंजे?” ते म्हणाले. “लगन तं कायमचंच राह्यते ना, बापू.”